आबा आले की उठायचं

अंजनाला लांडग्याची भीती वाटत नाही. मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळीपर्यंत आलेला लांडगा तिनं दोनदा काठी आपटून हाकलला आहे, आणि ती हकीकत ती भाकरी थापता थापता सांगते, जणू शेजारणीचं कुत्रं हाकललं. पण ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढायच्या म्हटलं की तिच्या तोंडाला कोरड पडते. याच बाईच्या नावानं तालुक्याला, आष्टीला अर्ज गेलाय हे कळलं, तेव्हा निम्म्या गावाला वाटलं, नाव चुकलं असेल. खरं सांगायचं तर तिलाही अधूनमधून तसंच वाटायचं.

गाव कडा या बाजारगावापासून आठ-दहा किलोमीटरवर, माळाचं. गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे आणि धनगरवाडीची सगळी मेंढरं त्यावरच जगतात. बाकीची जमीन बरीचशी सुंदररावांची. त्यांना गाव आबा म्हणतं. वीस वर्षं सरपंचपद त्यांच्या घरातून हललेलं नाही. कधी ते स्वतः, कधी बायको, कधी पुतण्या. माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. अंजनाच्या नवऱ्याला, बंकटला, साप चावला होता तेव्हा आबांच्याच जीपनं त्याला दवाखान्यात पोचवलं होतं. त्यांची भीती वाटायची आणि त्यामुळे त्या भीतीची लाजही वाटायची.

उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की अंजनाची मेंढरं खतासाठी आबांच्या शेतात बसायची. मेंढरं बसायची, माणसं मात्र उभी राहायची. आबा आले की उठायचं, हे गावात कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. पारावर बसलेली माणसं उठायची, लग्नात पंगतीला बसलेला माणूस हातातला घास तसाच धरून अर्धा उठायचा. आबा दोन्ही हात खाली दाबल्यासारखे करून "बसा, बसा" म्हणायचे आणि मग सगळे बसायचे.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत हेच नडलं. ग्रामसेवक खाली मान घालून पुटपुटल्यासारखं काहीतरी वाचत होता. बायका मागं सतरंजीवर बसलेल्या, त्यांना काही ऐकू येत नव्हतं. "मंजूर असेल त्यांनी उभं राहावं," असं तो म्हणाला आणि नेमके त्याच क्षणी आबा दारातून आत आले. अख्खी सभा उठली. आबा "बसा, बसा" म्हणाले, सभा बसली. वहीत ओळ पडली: उपस्थित सर्वांनी उभे राहून एकमताने मंजुरी दिली.

मंजुरी कशाला दिली, ते एप्रिलमध्ये कळलं. गायरानावर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या. कुठल्याशा कंपनीचा सौरऊर्जेचा प्रकल्प येणार होता, सगळ्या गायरानाला तारेचं कुंपण पडणार होतं. अंजनाची लेक रोहिणी कड्याला कॉलेजात शिकते. तिनं ठरावाची नक्कल मिळवली आणि चुलीपुढं बसून वाचून दाखवली.

"आई, तू उठलीवतीस का?" तिनं विचारलं.

"उठले की," अंजना म्हणाली. "आबा आलते."

रोहिणीनं कपाळाला हात लावला. अंजनाला मात्र त्या क्षणी पहिल्यांदा खरी भीती वाटली. आपल्या गुडघ्यांनी आपल्याला न विचारता गायरान देऊन टाकलं होतं.

अर्ज रोहिणीनं लिहिला, सह्या आणि अंगठे वाडीतल्या बायकांचे. विशेष ग्रामसभा घ्या, आष्टीचा अधिकारी समोर बसवा आणि पुन्हा विचारा, एवढंच मागणं. तारीख मिळाली आणि अंजना घरोघर फिरू लागली. भाषण तिला येत नव्हतं. ती उंबऱ्यावर बसायची आणि एकच सांगायची, आबा आत आले तर उठू नका. हे मागणं बायकांना डोंगराएवढं वाटायचं. मेंढरं मग कुणाच्या रानात बसवायची, असं पुरुष विचारायचे. सासू बायनाबाई तर बोलेचना. एकदाच म्हणाली, "त्यांच्या बापापुढं बी मी कदी बसले न्हाई."

मग एका सकाळी गायरानावर मोटारसायकलवरून दोघे अनोळखी पुरुष आले. गाडी बंद न करता त्यांनी अंजनाची विचारपूस केली. कुत्रं चावतं का, नवरा कुठल्या अंगाला गेलाय, असलं काहीबाही. आणि जाता जाता एकानं विचारलं, पोरगी कड्याहून कितीच्या गाडीनं येते?

अंजनानं तशीच मेंढरं वाडीकडं वळवली. दोन दिवस तिनं रोहिणीला घराबाहेर पडू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पोरगी भांडून गेली, परीक्षा तोंडावर होती. त्या दिवसापासून संध्याकाळच्या एसटीचा हॉर्न फाट्यावर वाजेपर्यंत अंजनाच्या घशाखाली पाणी उतरायचं नाही.

रोहिणी आईची न उठण्याची तालीम घ्यायची. बंकटचं उपरणं खांद्यावर टाकायची, दाराबाहेर जायची आणि आबांसारखी खाकरून आत यायची. पहिल्या दिवशी अंजना उठली. दुसऱ्या दिवशीही उठली. पोरगीच आहे हे डोळ्यांना दिसत असून गुडघे ऐकत नव्हते. दोघी पोट धरून हसल्या, आणि हसता हसता अंजनाच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण सभेला चारच दिवस उरले होते.

सभेच्या दिवशी रोहिणीचा पेपर होता. अंजना एकटीच निघाली. पंचायतीच्या हॉलमध्ये ती सगळ्यांत पुढं बसली, म्हणजे मागं कोण उठलं ते दिसायला नको. वाडीतल्या बायका एकेक करून येऊन बसल्या. शेवटी काठी टेकत बायनाबाई आली आणि काही न बोलता सुनेच्या शेजारी बसली. पुरुष भिंतीला लागून बसले, त्यांत बंकटही होता. आष्टीचा अधिकारी टेबलामागं घाम पुसत होता.

पायरीवर खाकरल्याचा आवाज आला.

अंजनाच्या मांड्या ताठ झाल्या. तिनं सतरंजीच्या दशा दोन्ही मुठींत गच्च धरल्या. मागं सरसर आवाज झाला, माणसं उठत होती. संपलं, असं तिच्या मनात आलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"बसा, बसा," आबा सवयीनं म्हणाले. आणि मग त्यांना दिसलं की बायका बसलेल्याच आहेत.

अंजनानं डोळे उघडले. भिंतीकडचे पुरुष उभे होते, बंकट टोपी हातात घेऊन उभा होता. बायका खाली मान घालून बसल्या होत्या. बायनाबाईनं काठी स्वतःच्याच मांड्यांवर आडवी ठेवून दोन्ही हातांनी दाबून धरली होती.

ग्रामसेवकानं घाईघाईनं वही उघडली. या वेळी तो मोठ्यानं बोलला. गायरान प्रकल्पाला द्यायला मंजुरी असेल त्यांनी उभं राहावं. पुरुष तर उभेच होते. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

बोलावं लागणार हे अंजनाला माहीत नव्हतं. तिनं फक्त बसण्याची तयारी केली होती. "साहेब," ती म्हणाली, आणि तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "जे आबांसाठी उठलेत त्यांना आदी बसू द्या. मंग इचारा."

अधिकाऱ्यानं अंजनाकडं पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं आणि हातानं बसायची खूण केली. बंकटनं आबांकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि खाली बसला. मग आणखी दोघे बसले, मग सगळी भिंत बसली.

ग्रामसेवकानं पुन्हा विचारलं. आबांच्या घरातली पाच माणसं उठली. अधिकाऱ्यानं ठराव नामंजूर झाल्याचं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

आबा चिडले नाहीत. चिडले असते तर अंजनाला बरं वाटलं असतं. ते बंकटजवळ थांबले. "यंदा मेंढरं माज्या रानात बसवू नगंस," ते म्हणाले. मग अंजनाकडं वळून हसले. "लेकीचा पेपर हाय न्हवं आज? लई उशिरा येती गाडी." आणि पायऱ्या उतरून गेले.

हॉल रिकामा झाला. बंकट फाट्याकडं जवळजवळ पळतच गेला. अंजनालाही जायचं होतं, पण तिचे पाय मेल्यासारखे झाले होते. तिनं सतरंजीवर हात टेकून पाहिलं, उठता येईना. एवढे दिवस नको तेव्हा उठणारे गुडघे आता हवं तेव्हा हलत नव्हते.

"पाय उटंनात, आत्याबाई," ती म्हणाली.

निघालेली बायनाबाई परत फिरली आणि काठी बाजूला ठेवून पुन्हा तिच्या शेजारी बसली. दोघी दाराकडं बघत राहिल्या. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. हॉर्न वाजला नाही. बायनाबाई नारायणगडाच्या महाराजांचं नाव घेत होती आणि अंजनाला ते नावही ऐकू येत नव्हतं. गायरान गेलं असतं तरी चाललं असतं, असं तिला त्या वेळी वाटलं; हे ती आजही लपवत नाही.

सहा वाजून गेल्यावर पायऱ्यांवर पावलं वाजली. दारात रोहिणी उभी राहिली, धुळीनं माखलेली, छातीशी वह्या धरलेल्या, मागं धापा टाकणारा बंकट. वाटेत एसटी पंक्चर झाली होती, म्हणून ती पायीच आली होती.

अंजना उभी राहिली होती. कधी उठली, तिला कळलंच नाही.

"आई," रोहिणी म्हणाली, "मी आबा हाय का? कावून उठलीस?"

अंजनानं पुढं होऊन तिच्या हातातल्या वह्या घेतल्या.