दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच शब्द

माझी मुलगी शुभा बारा वर्षांची असताना तिच्या पाठीचं कुबड वाढू लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. त्यात पाय जाण्याचा धोकाही होता. आमच्या घरी मोठा निर्णय देवीपुढे चिठ्ठ्या टाकून होतो. मी घाबरलो होतो. दोन्ही चिठ्ठ्यांवर मी ‘नको’ लिहिलं. त्यातली एक शुभानेच उचलली. ही देवीचीच इच्छा, असं शुभाच्या आईने मानलं, आणि मरेपर्यंत तसंच मानत राहिली. हे मी पुढे कित्येक वर्षं कुठे बोललो नाही.

मागच्या वर्षी, पस्तिशीत, शुभाला चार पायऱ्या चढल्या की धाप लागू लागली. सर्जननी एक्स-रे धरून समजावलं: वाकलेल्या मणक्यातून पाचरीसारखं हाड काढायचं, ती फट मिटवली की पाठ सरळ होते, मग स्क्रू आणि सळ्यांनी ती धरून ठेवायची. शुभा म्हणाली, “देवी तेव्हाच नाही म्हणाली ना, बाबा. आता काहून विचारून राहिले?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या गुढियारी भागातल्या देवीच्या देवळात गेलो. खिशात दोन चिठ्ठ्या होत्या. या वेळी दोन्हींवर ‘हो’. इतक्या वर्षांनीही मला देवीवर सोडवत नव्हतं. पायरीवर एक म्हातारी फुलं विकत होती. तिलाच म्हटलं, मुलीच्या पाठीचं ऑपरेशन आहे, तुझ्या हाताने एक चिठ्ठी उचल. तिने हातसुद्धा पुढे केला नाही, इथल्या बोलीत म्हणाली,

“चिट्ठी ल काबर पूछथस बाबा? जेकर पीठ हे, ओला पूछ न.”

चिठ्ठीला कशाला विचारतोस, जिची पाठ, तिला विचार. ते मी कधी केलंच नव्हतं. देवळात न जाता घरी परतलो. शुभा मटार सोलत होती. तिच्यासमोर चिठ्ठ्या ठेवल्या, तेव्हाचंही सगळं सांगितलं. तिने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, “आईला तरी सांगायचं होतं.” संध्याकाळी तिने स्वतःच डॉक्टरांना फोन लावला.

ऑपरेशनच्या दिवशी बाकावर बसून मी पहिल्यांदाच देवीकडे काही मागितलं नाही. तुझं तू बघ, एवढंच म्हटलं. काही दिवसांनी वॉकर धरून शुभा उभी राहिली, माझ्याकडे बघून हसली. “बाबा, तुम्ही तर माझ्याहून बुटके निघाले.”

दर मंगळवारी त्या म्हातारीकडून फुलं घेतो. ती मला ओळखत नाही. देवीपुढे हात जोडतो, तेव्हा खिशात चिठ्ठी नसते.