मागे घेतलेलं गाऱ्हाणं

“बाई, तुमच्या पित्ताशयात खडे आहेत, आणि पित्ताशय आता सुजलंय. तीन दिवस औषधं देऊन सूज उतरवू, चौथ्या दिवशी ते काढून टाकू.”

डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी कुडाळच्या एका हॉस्पिटलात खाटेवर आडवी होते, हाताला सलाईन लावलेलं होतं, आणि मला भीती वाटली. खड्यांची नाही, डॉक्टरांची. कारण मला बाई म्हणणारा हा सर्जन माझा जुना विद्यार्थी सदानंद होता, आणि तीस वर्षांपूर्वी मी देवळात नारळ ठेवून, याचे हात थरथरू देत असं मागणं घातलं होतं.

ते सविस्तर सांगते. पण आधी पोटाचं सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी आत्ता पोट धरून ओवा चावत बसली असणार.

मीही ओवाच चावत होते. जेवण तेलकट झालं की तासाभरात उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि मागून उजव्या खांद्यापर्यंत जायची. तळलेले बांगडे खाल्ले की हमखास. मी आधी बांगड्यांना दोष दिला, मग तेलाला, मग सुनेला. असे तीन आठवडे काढले. शेवटी थंडी वाजून ताप आला, उलट्या थांबेनात, तेव्हा विनयने, म्हणजे माझ्या मुलाने, मला गाडीत घातलं. विनयचं मालवणात औषधांचं दुकान आहे. स्वतःची आई तीन आठवडे दुकानातून सोड्याच्या पुड्या नेते आहे आणि आपल्याला कळलं नाही, याचा त्याला जास्त राग आला होता.

सोनोग्राफी झाली. पोटावर थंडगार जेल लावून एक यंत्र फिरवतात आणि पडद्यावर आतलं दिसतं. दुखत नाही, गुदगुल्या होतात. रिपोर्टवर ‘अक्यूट कोलेसिस्टायटिस’ असं लिहिलेलं होतं. वाचून वाटलं, आता काही खरं नाही. त्याचा अर्थ एवढाच, की पित्ताशयाला एकाएकी सूज आली आहे. पित्ताशय ही यकृताखालची लहानशी पिशवी. तिच्यात पित्त साठतं आणि कधीकधी त्याचे खडे होतात. ती काढून टाकली तरी माणूस नीट जगतो. जिच्यावाचून काही अडत नाही अशी वस्तू देवाने पोटात का ठेवली, हे मी विचारलं नाही. शाळेच्या कमिटीवर मी तशी माणसं पुष्कळ पाहिली होती.

आता नारळाचं.

मी किनाऱ्यावरच्या एका शाळेत गणित शिकवायचे. अकरावी-बारावीही तिथेच होती. विनय आणि सदा एकाच वर्गात. सदाच्या घरची रापण होती, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दहा-वीस माणसांनी ओढायचं मोठं जाळं. पहाटे दोर ओढून हा पोरगा शाळेत यायचा तेव्हा त्याच्या अंगाला मासळीचा वास असायचा. मी त्याला शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी बसवलं. म्हटलं, तुला वारा लागेल. वारा कोणासाठी होता ते त्यालाही कळत होतं आणि मलाही. विनयला मी घरी शिकवायचे, रसायनशास्त्राची मालवणात शिकवणी होती, आणि बारावीच्या वर्षी आमच्या घरात मोठ्याने खोकायची बंदी होती.

बारावीला विनयला सदापेक्षा दोन टक्के जास्त पडले. मेडिकलला सदा लागला, राखीव जागेवर. विनय लागला नाही.

पुढे कित्येक वर्षं मी ‘दोन टक्के, दोन टक्के’ अशी माळ ओढली. लग्नात, बारशाला, एसटीत शेजारी बसेल त्याच्याजवळ. ‘गुणवत्ता’ हा शब्द उच्चारताना माझी मान अशी ताठ व्हायची, जणू मीच तो शोधून काढला. मला स्वतःला नोकरी कशी लागली, हे त्या काळात माझ्या सोयीने विसरायला झालं होतं. माझे चुलत सासरे शाळेच्या कमिटीवर होते. मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला, चहात साखर किती घालू. बाहेर बाकावर माझ्याहून जास्त मार्कांची एक मुलगी बसली होती. तिला चहाही विचारला नाही. माझ्या त्या जागेला राखीव म्हणायची पद्धत नव्हती, एवढंच.

तर निकालाच्या आठवड्यात मी गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे अडचण आली की देवापुढे नारळ ठेवतात. गुरव देवाला मोठ्याने सगळी हकीगत सांगतो, मागणं मागतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणतात. मी गुरवाला सांगितलं, नाव घेऊ नका, पण ज्याने माझ्या पोराची जागा घेतली त्याचे हात सुरी धरताना थरथरू देत. गुरव माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “बाई, ह्या देवाक सांगूचा?” मी म्हटलं, सांगा. त्याने सांगितलं. होय म्हाराजा म्हणायला मी एकटीच होते.

आणि आता सुरी सदाच्या हातात आणि पोट माझं.

दुसऱ्या दिवशी मी विनयला हळूच म्हटलं, “आपण गोव्याक जावया काय रे? थय मोठी हॉस्पिटलां आसत.”

त्याने हातातली औषधांची पिशवी खाली ठेवली. “आई, अजून ताच? राखीवातलो डॉक्टर म्हणान?”

“नाय रे. तसा नाय.”

“मगे कसा?”

कसा ते सांगायचं तर नारळाचं सांगावं लागलं असतं. मी तोंड भिंतीकडे वळवलं. त्याला वाटलं, मी हट्टाला पेटले.

“मग ऐक,” तो म्हणाला. चिडला की तो शुद्ध मराठीत येतो. “ओपनची यादी माझ्या मार्कांच्या कितीतरी वर संपली होती. सदा जन्माला आला नसता तरी मी लागलो नसतो. त्याने माझी जागा घेतलीच नाही. ती माझी नव्हतीच.”

“हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तू गणिताची बाई. मला वाटलं, तुला यादी वाचता येत असेल.”

गणिताच्या बाईने त्या यादीत दोनच नावं शोधली होती. एक होतं, एक नव्हतं. हिशेब संपला होता.

त्या दिवशी मी सलाईनच्या थेंबांकडे बघत विचार केला. गणिताने पाहिलं तर विनयची जागा कोणी घेतली नव्हती, म्हणजे गाऱ्हाणं कोणालाच लागू नव्हतं. पण देवाचं गणित कितपत चांगलं आहे, याची मला खात्री नव्हती.

शेजारच्या खाटेवर देवगडकडच्या बंदरावरच्या हमीदाबी होत्या, हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या. हॉस्पिटलात माणूस घरच्यांना जे सांगत नाही ते शेजारच्या खाटेला सांगतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या, मग टाके दुखले म्हणून थांबल्या.

“फोन लावा नि परत घ्या,” त्या म्हणाल्या. “माणूस दिलेलो शब्द परत घेता, मगे मागणा परत घेवक काय झाला?”

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गावी बापूला फोन लावला. जुना गुरव वारला, आता गाऱ्हाणी त्याचा मुलगा बापू घालतो. त्याची नेमणूकही मुलाखतीवाचूनच झाली. बापाच्या आवाजाने देव जागा व्हायचा, बापूचा ऐकून परत झोपत असावा. तरी बापूच्या गुणवत्तेची काळजी गावात कोणी कधी केली नाही. मीही नाही.

होय म्हाराजा म्हणायला माणसं हवीत, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या.

“बा देवा म्हाराजा,” बापू देवळातून सुरू झाला, “तुझ्या ह्या लेकरान तीस वर्सामागे तुज्याकडे एक नारळ ठेवलेलो...”

“होय म्हाराजा.”

“रागाच्या भरात दुसऱ्याच्या झिलाचा वायट मागितल्यान...”

“होय म्हाराजा,” दुसऱ्याच्या मुलाचं वाईट मागितलं हे ऐकून बायका जोरात म्हणाल्या. एवढा जोर मला आवडला नाही.

“सुरी धरताना त्याचे हात थरथरूक होये म्हणान सांगितल्यान. ता मागणा ती आज परत घेता हा...”

“होय म्हाराजा.”

“कित्या, तर उद्या त्याच हातान तिचा पोट कापूचा आसा...”

बायका दरवाजाकडे बघायला लागल्या. आणि दरवाजातून पुरुषी आवाज आला, “होय म्हाराजा.”

सदा राउंडला आला होता. हातात माझी फाईल.

हमीदाबी हळूच म्हणाल्या, “आमीन.”

“बाई,” फोनमधून बापूने विचारलं, “ह्यो पुरुष कोण?” मी फोन बंद केला.

सदा स्टूल ओढून बसला. तीन दिवस माझ्याशी शुद्ध मराठीत बोलणारा डॉक्टर आता मालवणीत आला. “कवाचा गाऱ्हाणा ह्या?”

“तुझ्या ॲडमिशनच्या वर्षाचं,” मी म्हटलं. शुद्ध मराठीत जायची पाळी आता माझी होती.

त्याने फाईल मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, “तरीच. पयल्या वर्साक डिसेक्शनच्या टेबलार माजे हात थरथरायचे.” डिसेक्शन म्हणजे मृत शरीर कापून शिकणं. “हॉस्टेलातली पोरा आदी रँक इचारीत, मगे नाव. माका वाटायचा, त्या रँकेमुळे हात थरथरतत. तुमचो नारळ होतो तो.”

तो हसला. मला हसता आलं नाही.

“मग थांबले कसे?”

“सवयीन. वर्सा गेली, हात शिकले. आत जावचो दरवाजो माका वेगळो होतो बाई. भायर पडाची परीक्षा सगळ्यांक एकच. ती कोणाक चुकली नाय.”

मी सारवासारव करायला गेले. “लहानपणापासून जाळी शिवलेले हात तुझे, तयारच असणार.”

“जाळी माजी भयण शिवी. माका गाठ मारूक येय नाय होती. ती मी कॉलेजात शिकलंय.”

माझ्या मनात आत्ताच तयार झालेलं एक सुंदर चित्र त्याने असं पुसून टाकलं.

उठता उठता तो थांबला आणि घरचं सांगू लागला. त्याची मुलगी बारावीला आहे. ती म्हणते, मी ओपनमधूनच फॉर्म भरणार, बाबासारखं ऐकून घेणार नाही. तिची आई म्हणते, हक्काचं आहे ते सोडू नको. “दोघी माका इचारतत. मी ऑपरेशन आसा सांगान पळान येतंय. तुमी सांगा, बाई.”

“आधी माझं पोट शिवून होऊ दे,” मी म्हटलं. “आत्ता सांगितलं आणि तुला पटलं नाही तर माझी पंचाईत.”

रात्रीपासून एनबीएम. निल बाय माउथ, म्हणजे तोंडाने काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. चोरून चहा पिऊ नका, भूल दिल्यावर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. ऑपरेशनचं नाव ‘लॅप्रोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी’. नावच मोठं आहे. पोटाला चार बारीक भोकं पाडतात, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं, आणि पिशवी बाहेर.

टेबलावर मी सदाच्या हातांकडे बघत होते. हातमोजे घातलेले, स्थिर. थरथरत होते ते माझे. त्याला दिसलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तो म्हणाला, “आमच्या गणिताच्या बाई आहेत. शंभरपासून उलटे आकडे मोजायला सांगा.”

शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव. दोन कमी झाले आणि मी गेले.

शुद्धीवर आले तेव्हा उजवा खांदा दुखत होता. घाबरू नका. ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरतात, त्याचं ते दुखणं, दोन दिवसांत जातं. संध्याकाळी नर्सने उठवून चालवलं. चाला, दुखलं तरी चाला. सदाने एका प्लास्टिकच्या डबीत माझे खडे आणून दिले. “बाई, मोजून घ्या.” अकरा होते.

घरी जाताना मी गाडी देवळाकडे घ्यायला लावली. बापू म्हणाला, जुनं मागणं काढलं, आता नवीन काय सांगू? विनय बाजूला उभा होता, त्याला तोवर वॉर्डातून सगळं कळलं होतं. मी सांगितलं, जो कोण ऑपरेशनच्या टेबलापाशी उभा राहील त्याचा हात स्थिर ठेव, तो कोणाचा मुलगा ते विचारू नको. विनयने होय म्हाराजा म्हटलं. या खेपेला मी एकटी नव्हते.

मार्कांना अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. जन्मभर तेच दिले आहेत. पण मार्क देताना कोणता मुलगा कुठल्या बाकावर बसला होता, हे मी कधी पेपरवर लिहिलं नाही.

आठव्या दिवशी टाके काढायला गेले. सदा खाली वाकून काम करत होता. वर न बघताच म्हणाला, “बाई, माज्या चेडवाक काय सांगू?”

“मुलीला म्हणावं, फॉर्म कुठल्याही रकान्यात भर, तो तुझा निर्णय. पण वर्गात पुढच्या बाकावर बस. कोणी मागे खिडकीपाशी बसवलं, तर ऐकू नको.”

त्याचा हात क्षणभर थांबला. थरथरला नाही, थांबला. मग त्याने शेवटचा टाका काढला आणि कापूस दाबून धरला.

“वारो मात्र बरो लागायचो थय,” तो म्हणाला.