वडिलांचा जीवखडा

तंजावरचं राज्य खालसा झाल्यावर आम्ही कुंभकोणमला आलो, आणि तिथेच वडील वारले. मृताचा जीव दहा दिवस ज्यात राहतो असं आपण मानतो, तो खडा मी स्मशानात घाईने उचलला. तिसऱ्या दिवशी तिलोदक घालताना तो हातातच विरघळला. दगड नव्हताच तो, वाळलेलं ढेकूळ होतं.

घाटावर एक बाई पाटे-वरवंट्यांना टाकी लावत बसायची. प्रत्येक घावानंतर फुंकर मारून पूड उडवायची. मला चिखल चाचपताना पाहून तिने विचारलं, आणि ढेकळाची गोष्ट ऐकून ती हसली. आम्हा मराठी लोकांना तिथे 'रायर' म्हणत.

"रायरे, इथं दगड कुठला? सगळा कावेरीचा गाळ. माझे पाटेसुद्धा तिरुचिरापल्लीकडून गाडीतून येतात."

तिने पाट्याची एक चीप माझ्या हातावर ठेवली.

"पांढरी ती गारगोटी, चमकतं ते अभ्रक. हेच फुटलं की खाली नदीतली वाळू. घ्या, पाण्यानं विरघळायची नाही."

"पण वडील त्या खड्यात..."

"ढेकळात तरी कुणी पाहिले होते?" म्हणत तिने पुन्हा टाकी उचलली.

चीप मी फडक्यात बांधली. भटजींना सांगितलं नाही, भावाला आजवर नाही. दहाव्यापर्यंत तो त्या चिपेवर डोळे मिटून पाणी घालत होता. मी डोळे उघडे ठेवून.