रेंज नसलेलं जंगल

आमच्या शुभदाताईंचं डोकं कधी कुठे धावेल, नेम नाही. सत्तरीला टेकलेली बाई, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, आणि एक दिवस मला म्हणतात, "विनया, मी जंगलात चाललेय. अरुणाचलला." मी म्हटलं, "अहो, मयूर विहारहून सरोजिनी मार्केटला चला म्हटलं तर नाक मुरडता तुम्ही!"

त्यांचे पद्माकरराव इथे दिल्लीत केंद्र सरकारात होते. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये सगळा संसार झाला. निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि लवकरच ते गेले. मुलगा एकुलता एक, सिद्धांत, गुरुग्रामला मोठ्या कंपनीत. अधूनमधून रविवारी यायचा, पण कानात सदानकदा ते फोनचं पांढरं बोंडूक. आईच्या हातची आमटी भुरकतानाही आपलं "यस, श्योर, बिल्कुल" चालूच. मला असा राग यायचा! शुभदाताई मात्र "कामं असतात गं त्याला" म्हणून पांघरूण घालायच्या.

यंदा त्यानेच विचारलं, "आई, तुझ्या वाढदिवसाला कुठे जायचं?" तर बाईंनी हुडकून हुडकून असं लॉज काढलं, जिथे फोनला रेंजच नाही. "आता तरी माझ्याशी बोलावं लागेल की नाही?" म्हणाल्या आणि खुदकन हसल्या.

दिब्रुगडपर्यंत विमान, पुढे गाडी, मग नाव, मग चिखलातून पायपीट. पायाला जळवा चिकटल्या त्या वेगळ्याच. संध्याकाळी मायलेक व्हरांड्यात बसले. सिद्धांतने फोन काढला, पाहिला, ठेवला. परत काढला. शुभदाताईंनी ऑफिसचं विचारलं. "ठीक." जेवणाचं विचारलं. "हं." दुसऱ्या दिवशी धनेश पक्ष्यांची जोडी डोक्यावरून गेली, पंखांचा आवाज सुपाने धान्य पाखडल्यासारखा. त्याने मान वर केली, बस्स. "रेंज नव्हती गं, विनया," नंतर मला म्हणाल्या, "पण बोलायलाही काही नव्हतं त्याच्याकडे. इतकं एकटं मला ह्या रिकाम्या घरातसुद्धा वाटलं नव्हतं."

परतायच्या आदल्या सकाळी गिबन दिसले. ही बिनशेपटीची वानरं नर-मादी मिळून ओरडतात, आणि असं ओरडतात की अख्खं रान दणाणतं. वाटाड्याने ओठांवर बोट ठेवलेलं, म्हणून दोघं गप्प उभे. नर काळा, मादी भुरी, तिच्या पोटाशी इवलंसं पिल्लू. शुभदाताईंनी डोळे भरून पाहिलं. नाश्त्याला म्हणाल्या, "काय बाई आवाज!" तर हा म्हणतो, "हं." आता काय बोलायचं अशा माणसाला?

दिल्लीच्या विमानतळावर दोघांच्या टॅक्स्या वेगळ्या. तो गुरुग्रामला, ह्या इकडे. मी चहाचं आधण ठेवून बाल्कनीत उभी. टॅक्सी गेटाशी आली आणि चक्क वळून निघून गेली! थोड्या वेळाने पुन्हा आली, पुन्हा वळली. म्हटलं, ड्रायव्हर टाइट आहे की काय मेला! फोन लावला तर एंगेज. तशीच चपला सरकवून खाली धावले आणि टॅक्सीला आडवी झाले.

खिडकीत शुभदाताई. फोन स्पीकरवर, कारण त्यांना ऐकू कमी येतं. मला बघून त्यांनी हातानेच गप्प केलं. आतून सिद्धांतचा आवाज, धबधब्यासारखा. "आई, यार, काय ओरडत होते ते! माझ्या अंगावर काटा आला. आणि तिच्या पोटाशी पिल्लू होतं, तू बघितलंस?"

"नाही रे राजा, मला कुठलं दिसतंय. सांग ना."

मग तो सांगत सुटला. कसं घट्ट धरलं होतं, आईने उडी मारली तरी कसं सुटलं नाही. मध्येच थांबून म्हणाला, "पोचलीस का गं?"

"कुठलं! अक्षरधामजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलोय, गाडी तसूभर हलत नाही."

मी डोळे वटारले. त्यांनी फोनवर तळहात दाबला. "पोचले म्हटलं की 'बरं, ठेवतो' म्हणेल गं," त्या कुजबुजल्या. डोळे काठोकाठ भरलेले. मग पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाल्या, "भैया, एक चक्कर और."