मिठाचं पाणी

भिंतीपलीकडच्या कारखान्यात मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्या फोडण्याआधी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. आत उरलेली वीज हळूहळू उतरते, नाहीतर फोडताना भडका उडतो. काम झालं की ते पाणी भिंतीच्या कडेने ओतून देतात. आज सकाळी तो करडा ओघळ पुन्हा माझ्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी येऊन थांबला. झाड केव्हाच वाळलंय. मी मुद्दाम तोडलं नाही. त्याच्या काड्यांतून पलीकडची ‘पर्यावरणस्नेही’ अशी हिरवी पाटी छान दिसते.

मालकाला विचारलं, तर हसून म्हणाला, "वहिनी, मिठाचंच तर पाणी आहे!"

राग असा भिजत ठेवला, तर त्यातलीही वीज उतरत असेल का? माझ्या रागातली तरी उतरली नाही.

उद्या कारखान्याची पर्यावरण तपासणी करायला साहेब येणार आहेत. पाहुणे आले की मालक ताक माझ्याकडूनच मागवतो. उद्याही देईन, पण त्या वाळक्या झाडाखाली खुर्च्या मांडून. ताकात कढीपत्ता नसेल, मीठही नसेल. मालकापुढे त्या ओघळाच्या पाण्याची वाटी ठेवीन आणि साहेबांदेखत म्हणेन, "भाऊजी, मिठाचंच तर आहे. घाला ना."