तुरा लाल झाल्यावर

काल सवयीने मी दोन्ही कोंबडे एकाच डालग्याखाली झाकले. एकाच खेपेची पिल्लं, आतापर्यंत अंगाला अंग लावून झोपायची. सकाळी डालगं उचललं तर दोघांची डोकी रक्ताळलेली. तरी सुटल्यासरशी एक जण पंख पाडून कोंबडीभोवती फिरू लागला. त्याला हे कुणी शिकवलं? दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, वयात येताना अंगात रस सुटतात, ते मेंदूपर्यंत जातात आणि वागणंच बदलतात.

आत माझा दत्तू आरशासमोर पुन्हा भांग पाडत होता.

"नवरदेव, शेण कोण काढणार?" त्याचे वडील म्हणाले.

"तुम्हीच काढा." आवाज जाडा निघाला आणि मध्येच चिरकला.

त्यांनी हात उगारला. दत्तूने तो वरच्यावर धरला. सोडेना. आज मारामारी झाली तर हे दोघं पुन्हा शेजारी बसून जेवायचे नाहीत, एवढंच मला कळत होतं. मी शेणाची पाटी उचलून दोघांच्या मधून निघाले.

"सरका, मला जाऊ द्या."

दत्तूने हात सोडला. मग स्वतःचाच पंजा तो कितीतरी वेळ न्याहाळत राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.