ज्योतीराम गुरवाचा खोटा कौल

ज्योतीरामची गोष्ट सांगायची माझी लायकी नाही. पण दुसरा सांगणार कोण? सगळ्याच्या मुळाशी मीच होतो.

सहासष्ट साली मी चिंचवडच्या एका पॅकिंग खोक्यांच्या कारखान्यात लाकूड खरेदीला होतो. चाकणच्या पुढं, भीमाशंकरच्या अंगाला ज्योतीरामचं गाव. तिथल्या देवराईत दोघांच्या कवेत न मावणारे आंबे होते. गाव विकायला तयार होतं, पण देवीचा कौल हवा होता. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरव म्हणून कळ्या लावायचा ज्योतीराम.

दोनदा डावीच पडली. मी त्याला देवळामागं गाठलं. "उजवी जरा कोरडी लाव की राव! तुला कंपनीत चिकटवतो."

"देवीशी खोटं वागू?" तो म्हणाला. पण घरात खाणारी तोंडं सात. तिसऱ्यांदा उजवी पडली.

शिमग्यानंतर आंबे पाडले. एका आंब्याच्या ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं, चोच जाईल एवढीच फट. झाड आपटलं आणि ढोली फुटली. आत धनेशाची मादी, पंखांची पिसं झडलेली, आणि दोन उघडी पिल्लं. तिन्ही मेलेली. मादी स्वतःला आत कोंडून घेते आणि नर तिला बाहेरून भरवतो, हे ज्योतीरामला ठाऊक होतं, मला नव्हतं. नर चार दिवस चोचीत उंबर धरून त्या मोकळ्या जागेवर घिरट्या घालत होता म्हणे. मी मेला ट्रक भरून कधीच निघून आलो होतो.

नोकरीचा शब्द मी पाळला. ज्योतीराम काळेवाडीत राहायला आला, खोक्यांना खिळे ठोकू लागला. गुरुवारी सुट्टी. आम्ही तंगड्या पसरून झोपायचो, हा एसटी पकडून गावी. तोडलेल्या जागेला काटेरी कुंपण घालायचा, शेरडं हाकलायचा. आधी करवंदीच्या जाळ्या झाल्या, त्यांत बुलबुल आले. मग पाखरांच्याच विष्ठेतून उंबर, जांभळं उगवली. दहा-बारा वर्षांनी हरियाल उतरले आणि एका साली धनेशाची जोडीसुद्धा. मला वाटलं, चला, फिटलं पाप!

"कुठलं फिटतंय, रंगराव," तो म्हणाला. "खायला येत्यात, पण घर करायला ढोली लागती. माझी झाडं अजून मांडीएवढी. घर हाय त्या राहिलेल्या दोन जुन्या बेहड्यांत."

एक्याऐंशीला गावानं तेच बेहडे विकायला काढले. सरपंच दौलतराव म्हणाले, "देवीनं मागंच होकार दिलाय. परत कशाला विचारायचं?" फाल्गुन लागला होता, मादी ढोलीत बसली होती. ज्योतीरामनं ठरवलं, पंचांसमोर सगळं कबूल करायचं. "एकट्याचं कोण ऐकतंय? तुमी नुसतं व्हय म्हणा."

म्हणतो, असं मी त्याला वचन दिलं.

देवळाच्या ओट्यावर सगळं गाव जमलं. ज्योतीराम हात जोडून उभा राहिला आणि बोलला, कळीपासून मेलेल्या पिल्लांपर्यंत सगळं. माझं नाव मात्र त्यानं घेतलं नाही; ते मी सांगायचं, असं ठरलं होतं. दौलतराव माझ्याकडं वळले. "तुम्ही होता ना तिथं? खरंय का हे?"

दोनशे डोळे माझ्यावर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. देवीला फसवणारा म्हणून गावभर बोंब झाली असती.

"मला नाही बुवा काही आठवत," मी म्हणालो.

गाव हसलं. "गुरवाचं डोकं फिरलंय," कुणीतरी म्हणालं. चौथ्या दिवशी दोन्ही बेहडे पडले.

पण सभेच्याच संध्याकाळी परतीच्या एसटीत एकच जागा रिकामी होती. ज्योतीरामनं ती पंच्यानं पुसली आणि म्हणाला, "बसा रंगराव, तुमचे गुडघे दुखत्यात." आणि काळेवाडी येईतो तो माझ्याशेजारी उभा राहिला.